बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली का?

फेसाळ, ठाणे | विभाग: खाणे-पिणे

बिअरच्या किण्वनावर लक्ष कसं ठेवायचं हा प्रश्न इथल्या काही धाग्यांवर अवांतर म्हणून येऊन गेला आणि दर वेळी मूळ विषयाखाली दबला. म्हणून स्वतंत्र धागा काढते आहे. मी चेंदणीच्या कॉलेजातून मायक्रोबायोलॉजी केलं. आता रोज ठाणे–वाशी लोकल पकडून नवी मुंबईतल्या एका परवानाधारक मायक्रोब्रूअरीत टाक्या सांभाळायला जाते. घरी बिअर करणाऱ्यांचे जे प्रश्न असतात तेच आमच्या टाक्यांचेही असतात. आमच्याकडे फक्त गार करायची सोय जास्त चांगली असते.

कायद्याचं आधीच सांगते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, आणि घरी पिण्यापुरतंच केलं म्हणून त्यातून सुटका होत नाही. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरी बिअर करायला परवाना लागत नाही. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली. तिकडे राहणारे, इथे राहून मुलांना फोनवर सल्ला देणारे आणि ज्यांना किण्वन या गोष्टीचंच कुतूहल आहे, अशा सगळ्यांसाठी हा धागा आहे.

आता मुद्दा. बादलीच्या झाकणावरच्या एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी पाणी भरलेली छोटी नळी) बुडबुडे येतात ते पाहायला फार आवडतं, आणि तिथेच गडबड होते. झाकण थोडं सैल असेल तर यीस्ट जोरात काम करत असूनही एकही बुडबुडा दिसत नाही, कारण वायू कडेने निघून जातो. उलट किण्वन संपून गेलेलं असलं, तरी खोली तापली किंवा हवेचा दाब उतरला की द्रवात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो आणि एअरलॉक पुन्हा बोलायला लागतो. बुडबुडा इतकंच सांगतो की आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त आहे. साखर किती उरली हे त्याला माहीत नसतं.

साखर किती उरली हे घनता सांगते. ती हायड्रोमीटरने मोजतात, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या, आकडे छापलेल्या काचेच्या नळीने. साध्या पाण्यात ती १.००० दाखवते. वर्ट म्हणजे माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) उकळून गार केलेला गोड काढा. त्यात साखर असते म्हणून तो पाण्यापेक्षा जड. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल करतं, अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे घनता उतरत जाते. यीस्ट टाकण्याआधीचं रीडिंग म्हणजे ओजी (ओरिजिनल ग्रॅव्हिटी), सगळं संपल्यावरचं एफजी (फायनल ग्रॅव्हिटी). समजा ओजी १.०४८ आणि एफजी १.०१० आहे. फरक ०.०३८, त्याला १३१.२५ ने गुणलं की साधारण ५ टक्के अल्कोहोल. हे सूत्र ढोबळ आहे, पण नेहमीच्या ताकदीच्या बिअरला पुरतं.

ओजी घेतलाच नसेल तर अल्कोहोल किती झालं आणि साखर किती खाल्ली गेली हे पुढे काढता येत नाही. तेव्हा पहिल्या दिवशी कितीही दमलात तरी ते रीडिंग घ्याच.

दुसरी गोष्ट तापमान. खोलीचं नव्हे, द्रवाचं. साखर फोडताना यीस्ट उष्णता सोडतं. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या जोरात बादलीतला द्रव खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी सहज गरम असतो. भिंतीवरचा थर्मामीटर २१ दाखवतो आणि यीस्ट २५ मध्ये काम करत असतं. चव बिघडते ती याच दिवसांत. नंतर कितीही गार केलं तरी तेव्हा तयार झालेली जड अल्कोहोलं निघत नाहीत.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

---

वाचनमात्र

धाग्याबद्दल धन्यवाद, वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न: घरात दुधाचं लॅक्टोमीटर पडून आहे. ते चालेल का?

---

फेसाळ

तत्त्व अगदी तेच, पण पट्टी जुळत नाही. प्रयोगशाळेतल्या क्वेव्हेन लॅक्टोमीटरवर १५ ते ४० आकडे असतात, म्हणजे १.०१५ ते १.०४०. बिअर बहुतेक वेळा याच्या वर सुरू होते आणि याच्या खाली संपते. नेमकी दोन्ही महत्त्वाची टोकं पट्टीबाहेर जातात. बिअरसाठीचं हायड्रोमीटर ०.९९० ते १.१६० च्या आसपासचं असतं.

---

जुना केमिकलवाला, कोपरी

फेसाळ, फार चांगला विषय घेतलास. माझी सगळी नोकरी ठाणे–बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत गेली. घनता मोजून प्रक्रिया कुठवर आली ते ठरवणे हा आमचा रोजचा उद्योग होता, त्यामुळे वाचताना हात शिवशिवले.

आता माझी अडचण. मुलगा लीड्सला असतो. माल्ट एक्स्ट्रॅक्टचे किट आणून त्याने १८ लिटरची बादली लावली आहे. इंग्लिश एल जातीचे (खोलीच्या तापमानाला काम करणारे) कोरडे यीस्ट आहे. पहिले दोन-तीन दिवस फेस झाकणाला टेकत होता. आता बुडबुडे पूर्ण थांबले आहेत आणि तो म्हणतो, ‘बाबा, झाली, बाटल्या भरतो.’ मी त्याला थांबवले आहे. त्याची रीडिंग अशी: सुरुवातीला १.०४४, पण तेव्हा वर्ट २८ अंशांवर होता. काल १.०२०, द्रव १५ अंशांवर. तिकडे थंडी आहे आणि रात्री हीटिंग बंद असते.

---

फेसाळ

काका, थांबवलंत ते फार बरं केलंत.

आधी आकडे नीट करू. बहुतेक हायड्रोमीटर २० अंशांवर बरोबर असतात, काही जुनी १५.६ वर. नळीवर छापलेलं असतं, ते त्याला पाहायला सांगा. २० ची असेल तर २८ अंशांवरच्या रीडिंगमध्ये साधारण ०.००२ मिळवायचे. म्हणजे खरा ओजी १.०४६. १५ अंशांवर रीडिंग थोडं जास्त येतं, पण फरक ०.००१ एवढाच, इथे सोडून देऊ. शिवाय २० अंशांच्या साध्या पाण्यात हायड्रोमीटर बुडवून ते १.००० दाखवतं का, तेही एकदा बघून घ्या. आतला कागद सरकलेली हायड्रोमीटर बाजारात असतात.

०.००१ म्हणजे एक पॉइंट. आता ४६ पॉइंटांपैकी २६ खाल्ले गेले, म्हणजे ५७ टक्के. या जातीचं यीस्ट ७५ टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणजे एफजी १.०११ ते १.०१२ यायला हवा. आठ-नऊ पॉइंट अजून शिल्लक आहेत.

बाटल्या भरल्या तर काय होईल ते स्पष्ट लिहिते, कारण यात माणसं जखमी होतात. घनता १ पॉइंटने, म्हणजे ०.००१ ने उतरली की बिअरच्या साधारण अर्ध्या आकारमानाइतका कार्बन डायऑक्साइड सुटतो. नेहमीच्या बिअरमध्ये अडीच आकारमानांच्या आतबाहेर वायू असतो. साधी बिअरची बाटली तीनेक आकारमानांच्या पुढे भरवशाची नाही. नऊ पॉइंट शिल्लक ठेवून बूच लावलं तर त्यातूनच चार-साडेचार आकारमानं सुटणार, वर फेसासाठी घातलेल्या साखरेची वेगळी. अशी काच फुटते तेव्हा तिचे तुकडे खोलीभर जातात. बुडबुड्यांवर भरवसा ठेवू नका असं मी जे म्हणते, ते चवीपेक्षा आधी या कारणासाठी.

बिअर बिघडलेली नाही. यीस्ट थंडीने झोपलंय एवढंच. बादली उबदार खोलीत नेऊन द्रव २० अंशांवर आणा. झाकण न उघडता बादली हलक्या हाताने गोल फिरवा, म्हणजे तळाशी बसलेलं यीस्ट वर येईल. खळखळवू नका. या टप्प्यावर हवेतला ऑक्सिजन आत गेला की बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. मग दोन दिवसांनी पुन्हा मोजा.

---

जुना केमिकलवाला

समजले. अर्ध्या आकारमानाचा हिशेब मीही कागदावर करून पाहिला, जुळतो. त्याला लगेच फोन करतो.

---

सोल्डरगन, ऐरोली

वा, धागा चांगला रंगलाय. काकांसाठी आणि बाकीच्यांसाठी: आयस्पिंडल नावाचं एक ओपन सोर्स यंत्र आहे. मी माझ्या बहिणीसाठी बनवलं, ती टोरांटोला असते. बंद नळीत ईएसपी८२६६ वायफाय मॉड्यूल, कल मोजणारा एक एमपीयू६०५० सेन्सर, एक तापमानाचा सेन्सर आणि एक लिथियम सेल. सगळे सुटे भाग लॅमिंग्टन रोडला मिळाले. नळी बिअरमध्ये तिरकी तरंगते. घनता उतरली की तिचा कल बदलतो, त्या कोनावरून घनता काढायची. बादली न उघडता दर पंधरा मिनिटांनी आकडा फोनवर येतो.

आधी साखरेच्या पाण्याची वेगवेगळ्या घनतेची द्रावणं करून त्यात कोन मोजावे लागतात आणि त्यावरून समीकरण बसवावं लागतं. इथे आळस केला तर पुढचे सगळे आकडे चुकतात.

---

फेसाळ

सोल्डरगन, मस्त. याचा खरा उपयोग आलेखाच्या आकारासाठी. सुरुवातीचा सपाट भाग, मग उतार, मग पुन्हा सपाट. हा आकार एकदा डोळ्यात बसला की कुठे काय अडलं ते लगेच कळतं. काकांच्या मुलाच्या बादलीत हे असतं तर तापमान उतरलेलं आणि त्याच सुमारास घनतेची रेघ आडवी झालेली एकाच पडद्यावर दिसली असती.

पण ओजी आणि एफजी हायड्रोमीटरनेच घ्यावेत. नळीला फेसाचा गाळ चिकटला की कल बदलतो आणि आकडा दोन-तीन पॉइंटांनी सरकतो. बाटली भरायचा निर्णय घेताना तेवढी चूक परवडत नाही.

---

सेक्टर सतरा, वाशी

रिफ्रॅक्टोमीटरबद्दल कोणी बोललं नाही. एपीएमसीत फळांचा गोडवा तपासायला व्यापारी वापरतात तो. दोन थेंबांत काम होतं. हायड्रोमीटरला दर वेळी १०० मिली बिअर काढावी लागते, छोट्या बादलीत ते फार होतं.

---

फेसाळ

पहिल्या दिवशी तो उत्तम. यीस्ट टाकल्यानंतर मात्र सरळ वाचता येत नाही. तो प्रकाश किती वळतो ते मोजतो, आणि अल्कोहोलही प्रकाश वळवतं. समजा वर्ट ११.४ ब्रिक्सवर (ब्रिक्स म्हणजे वजनाने साखरेचे टक्के) सुरू झाला आणि आता रिफ्रॅक्टोमीटर ६ दाखवतो आहे. साधा तक्ता लावला तर ६ ब्रिक्स म्हणजे १.०२४, किण्वन अडकलंय असं वाटेल. प्रत्यक्षात घनता १.०१२ च्या आसपास असते, म्हणजे बिअर जवळजवळ तयार. सुरुवातीचं आणि आत्ताचं अशी दोन्ही रीडिंग घालून दुरुस्ती करणारी गणकयंत्रं ऑनलाइन आहेत, ती वापरा. रोजची दिशा पाहायला रिफ्रॅक्टोमीटर, शेवटच्या निर्णयाला हायड्रोमीटर, असं मी सांगेन.

आणि काढलेला नमुना बादलीत परत ओतू नका. चाखा. आकड्याबरोबर चवीची नोंद ठेवली की पुढच्या वेळी कामाला येते.

---

आलेपाक, नेरूळ

मी बिअर करत नाही, पण घरी आल्याचं सरबत यीस्ट घालून फसफसवते. मे महिन्यात ते इतकं भराभर होतं की भीती वाटते, आणि जानेवारीत दोन दिवस काहीच हालचाल नाही. मला हायड्रोमीटर घ्यायची गरज आहे का, ताई?

---

फेसाळ

नको. तुमच्या कामाला सोड्याची प्लास्टिक बाटली हेच मोजमाप. काचेच्या बाटल्या अजिबात वापरू नका. भरताना बाटली दाबून पाहा, मऊ लागते. नव्या सोड्याच्या बाटलीसारखी टणक झाली की लगेच फ्रिजमध्ये. मे महिन्यात नेरूळला स्वयंपाकघर रात्रीही तिशीच्या आसपास असतं, तेव्हा सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी दाबून पाहायलाच हवी. तुमच्या सरबतात साखर भरपूर शिल्लक असते, त्यामुळे यीस्टला थांबायचं काही कारण नाही. फ्रिजच त्याला थांबवतो, तोही पूर्ण नाही. आठवड्याच्या आत संपवा. जास्त दिवस बाहेर ठेवलं तर अल्कोहोलही वाढत जातं, घरात लहान मुलं पीत असतील तर हे ध्यानात ठेवा.

---

आलेपाक

दाबून पाहायची युक्ती मला हवीच होती. मनापासून आभार.

---

सेक्टर सतरा

तापमानावरून विचारतो. आपल्या हवेत एल यीस्टला १८ ते २२ अंश कुठून आणायचे? तुमच्या मायक्रोब्रूअरीत वीज गेली तर काय करता?

---

फेसाळ

टाक्यांना दुहेरी भिंत असते, तिच्यातून गार ग्लायकॉल (सहज न गोठणारा द्रव) फिरतं. वीज गेली तरी टाकीतला द्रव लगेच तापत नाही, हजार लिटरला एक अंश चढायला वेळ लागतो. जनरेटर असतोच. घरच्या २० लिटरला तेवढी उसंत नसते. उष्ण देशांत घरी करणारे लोक बादली पाण्याच्या टबात ठेवतात आणि टबात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सोडतात. तापमानाचा सेन्सर बादलीच्या बाहेरून चिकटवून वर थर्मोकोलचा तुकडा बांधायचा, म्हणजे तो खोलीचं न सांगता द्रवाचं तापमान सांगतो.

दुसरा रस्ता उष्णता मानवणाऱ्या यीस्टचा. नॉर्वेच्या शेतकरी घरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं क्वाइक नावाचं यीस्ट आहे, त्यातला व्हॉस प्रकार ३० ते ४० अंशांत छान चालतो आणि संत्र्यासारखा वास देतो. थंड नॉर्वेतलं यीस्ट आपल्या हवेला सोसावं याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. तिथले लोक कोमट वर्टमध्येच यीस्ट टाकत आले, म्हणून हा गुण टिकला असावा. क्वाइक वेगाने संपवतं, काही वेळा तीन-चार दिवसांतच, म्हणून मोजमाप पहिल्या दिवसापासून.

सेझॉन या बेल्जियन बिअरच्या यीस्टलाही उष्णता आवडते, पण तिथे सावध. त्यातल्या बऱ्याच वाणांत डायास्टॅटिकस प्रकार असतो. बाकीच्या यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनांवर (साखरेच्या लांब साखळ्यांवर) हे यीस्ट विकर सोडतं आणि त्यांची साखर करून हळूहळू खात राहतं. १.०१० वर थांबलीसं वाटणारी घनता आठवड्याने १.००४ दिसते. घनता थांबली का हे पाहायला नेहमी दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन रीडिंग घेतात. अशा यीस्टला ते अंतर आठवड्याचं ठेवा.

---

जुना केमिकलवाला

ताजी बातमी. बादली उबदार खोलीत हलवली, द्रव २० अंशांवर आला. दोन दिवसांनी रीडिंग १.०१४. एअरलॉक मात्र जवळपास गप्पच! झाकणाची कड एका जागी उचललेली निघाली. तू म्हणालीस तेच.

कारखान्यात आम्ही पीएचही पाहायचो. इथे त्याचा उपयोग आहे का?

---

फेसाळ

सहा पॉइंट उतरली, फार छान.

पीएचचा उपयोग सुरुवातीला जास्त. वर्ट साधारण ५.२ ते ५.४ असतो आणि पहिल्या एक-दोन दिवसांत तो ४.५ च्या खाली येतो. घनता हलायच्या आधी पीएच हलतो, त्यामुळे यीस्ट जागं झालं की नाही हे आम्हाला लवकर कळतं. पीएच उतरला की नको त्या जिवाणूंनाही आळा बसतो. तुम्हाला आवडेल असं एक सांगते: पीएचची पट्टी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन यांनी १९०९ मध्ये मांडली. त्याच प्रयोगशाळेत १८८३ मध्ये हान्सेन यांनी यीस्टचा एकच शुद्ध वाण वेगळा वाढवून दाखवला होता. आणि संख्याशास्त्रातली टी चाचणी मांडणारे गॉसेट डब्लिनच्या गिनेसमध्ये होते. १९०७ साली त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या पेशी मोजताना होणाऱ्या चुकीचा अभ्यास प्रसिद्ध केला. मी रोज सकाळी त्याच तऱ्हेच्या चौकटीच्या काचेवर पेशी मोजते, आणि या कामामागे केवढी परंपरा आहे ते आठवून बरं वाटतं.

ब्रूअरीतली आणखी एक रीत सांगते, घरीही जमते. पहिल्याच दिवशी थोडा वर्ट वेगळ्या बाटलीत काढायचा, त्यात भरपूर यीस्ट घालायचं आणि बाटली उबेला ठेवून अधूनमधून हलवायची, तोंड सैल ठेवून. दोन-तीन दिवसांत त्यातली सगळी खाण्याजोगी साखर संपते. त्याची घनता मोजली की मोठी बादली शेवटी कुठे पोचणार हा आकडा आधीच हातात येतो. मग १.०२० वर थांबली तर ‘झाली असेल’ असा अंदाज करत बसावं लागत नाही.

---

सोल्डरगन

ही शेवटची युक्ती बहिणीला आत्ताच पाठवली. पुढच्या बादलीपासून करणार म्हणते.

---

जुना केमिकलवाला

आजचे रीडिंग १.०११. परवाही १.०११ होते. आता भरू देऊ का? हिशेब केला: फरक ०.०३५, म्हणजे ४.६ टक्के अल्कोहोल. ४६ पैकी ३५ पॉइंट गेले, ७६ टक्के.

---

फेसाळ

हिशेब बरोबर. दोन दिवसांच्या अंतराने तोच आकडा आला आणि तो अपेक्षेच्या जागी आहे. या दोन्ही गोष्टी जुळल्या म्हणून मी हो म्हणते. नुसता स्थिर आकडा १.०२० वरही आला असता, थंडीत आलाच होता.

भरण्याआधी एक चाचणी करायला सांगा. दोन पेल्यांत थोडी थोडी बिअर घ्यायची. एक झाकून ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवायचा, मग गार करून दोन्हींचा वास घ्यायचा. तापवलेल्या पेल्याला लोण्याचा वास आला तर डायॲसिटिल (किण्वनात तयार होणारं, तो वास देणारं द्रव्य) अजून निघायचं आहे. मग २० अंशांवर आणखी दोन-तीन दिवस ठेवावं. यीस्ट ते स्वतःच परत शोषून घेतं, फक्त त्याला ऊब आणि वेळ हवा. हिरव्या सफरचंदाचा वास आला तरी हाच उपाय.

वास स्वच्छ असेल तर फेसासाठी लिटरला ६ ग्रॅम साखर. १८ लिटरला १०८ ग्रॅम होते, पण तळाचा गाळ सोडून हाती १७ लिटरच येतील, तेव्हा १०२ ग्रॅम. थोड्या पाण्यात उकळून, गार करून, सगळ्या बिअरमध्ये एकसारखी मिसळावी. बाटलीत चमच्याने घालू नये, कमीजास्त होते. बाटल्या दोन आठवडे २० अंशांच्या आसपास, आणि झाकणाच्या खोक्यात. एक बाटली सोड्याच्या प्लास्टिकची भरायला सांगा. ती टणक झाली की बाकीच्यांत काय चाललंय ते कळेल.

---

जुना केमिकलवाला

दोन्ही पेले सारखेच निघाले, लोण्याचा वास नाही. शनिवारी भरतो आहे. प्लास्टिकची एक बाटली धुऊन ठेवली आहे, आणि पुढच्या बादलीसाठी झाकणाची नवी रबरी कडी मागवली आहे.

---

वाचनमात्र

काका, त्या प्लास्टिकच्या बाटलीचं काय झालं ते दोन आठवड्यांनी इथेच लिहा. आम्ही वाट पाहतोय.